मार्लवाईचे हायमेंडॉर्फ दांपत्य



तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी आणि कोलामी या भाषा ज्या जिल्ह्याच्या आठवडी बाजारांत एकत्र नांदल्या, त्या आदिलाबादच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना एका परदेशी गृहस्थाचे स्मरण अपरिहार्य ठरते. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे ते गृहस्थ होत.

1909 साली व्हिएन्ना येथे जन्मलेले हायमेंडॉर्फ मानववंशशास्त्राचे अभ्यासक. 1938 साली त्यांचा बेटी यांच्याशी विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी हे दांपत्य भारतात आले. तोच महायुद्धाचा भडका उडाला. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झालेला असल्यामुळे त्यांच्यापाशी जर्मन पारपत्र होते. साहजिकच ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहणे त्यांना भाग पडले. या सक्तीच्या वास्तव्यातूनच त्यांचे जीवितकार्य उभे राहिले.

1940 साली जोडेघाट येथे कोमरम भीम यांचा निजामी पोलिसांच्या गोळीबारात अंत झाला होता. राखीव जंगलांच्या नावाखाली गोंडांची शेते आणि वस्त्या हिरावल्या गेल्या, हे या उठावाचे मूळ होते. त्याची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने हायमेंडॉर्फ यांच्याकडे सोपविले. हे काम त्यांनी कचेरीत बसून केले नाही. मार्लवाई या गोंड खेड्यात साधे घर बांधून पतिपत्नी तेथे राहिली, गोंडी बोलू लागली. पुढे त्यांच्या मुलालाही गोंडांनी आपल्यातलेच एक नाव दिले.

त्यांचे निदान असे होते की, गोंडाची जमीन जाते, कारण तिचा कागद त्याच्यापाशी नसतो आणि असलाच तर तो त्याला वाचता येत नाही. म्हणून पट्टा आणि पाटी ही दोन्ही कामे त्यांनी एकत्रच हाती घेतली. 1943 साली मार्लवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. संस्थानाची राजभाषा उर्दू असतानाही गोंडीच्या पहिल्या वाचनपुस्तकांसाठी देवनागरी लिपी निवडण्यात आली. या भागातील गोंडांना मराठीचा परिचय होता, हे त्याचे कारण. आपल्या लिपीने शेजारच्या भाषेला केलेले हे साहाय्य मराठीच्या इतिहासात नोंदविण्याजोगे आहे. याच जिल्ह्यात काम केलेले सेतुमाधवराव पगडी यांनी पुढे गोंडीचे व्याकरण लिहिले, हेही येथे सांगितले पाहिजे.

1949 पर्यंत अकरा हजारांहून अधिक आदिवासी कुटुंबांना सुमारे 1 लाख 60 हजार एकर जमिनीचे पट्टे मिळाले. त्यानंतर हायमेंडॉर्फ लंडनला अध्यापनासाठी गेले. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा या भागात संशोधनासाठी आले, तेव्हा त्यांना दिसले ते क्लेशदायक होते. 1959 चा जमीन हस्तांतरण नियम आणि त्यातील 1970 ची सुधारणा असूनही बरीच जमीन बाहेरून आलेल्यांच्या हाती गेली होती. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ही हकिगत स्पष्टपणे मांडली आहे. स्वतःच्या कार्याची पडझड स्वतःच्याच लेखणीने नोंदविणारे अभ्यासक विरळा.

1987 साली बेटी यांचे हैदराबाद येथे निधन झाले. त्यांना मार्लवाईत चिरविश्रांती देण्यात आली. 1995 साली हायमेंडॉर्फ लंडनमध्ये निवर्तले आणि 2012 साली त्यांच्या अस्थी पत्नीशेजारी आणण्यात आल्या. 2016 च्या पुनर्रचनेनंतर मार्लवाई आसिफाबाद जिल्ह्यात गेले. तथापि दरवर्षी 11 जानेवारीला त्या समाधींपाशी गोंड बांधव जमतात, हा क्रम कायम आहे.

मित्रहो, शाळेत शिकविलेले अक्षर सातबाऱ्यापर्यंत, पट्ट्यापर्यंत पोचले पाहिजे, ही त्या दांपत्याची शिकवण होती. जमिनीचा कागद घेऊन एखादा निरक्षर शेजारी आपल्या दाराशी आला, तर तो त्याला नीट वाचून दाखविणे, हे या शाळेतून शिकून गेलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.