चाकांवरचा उन्हाळा

१९३९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ राथ' ही कादंबरी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवून येणारी गाडी लोकांसमोर ठेवली. या दोन गोष्टी सहसा कुणी एकत्र वाचत नाही. मला मात्र त्या एकाच गोष्टीचे दोन भाग वाटतात.

कादंबरीतलं जोड कुटुंब ओक्लाहोमातून उठून कॅलिफोर्नियाला निघतं. त्यांच्याकडे एक जुनी हडसन गाडी असते. तिचा मागचा भाग कापून त्यांनी तिचा ट्रक केलेला असतो. वर गाद्या, भांडी, माणसं आणि ताडपत्री. आज ज्याला आपण मोटरहोम म्हणतो ते हेच, फक्त हौसेचं नव्हे तर नाइलाजाचं. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर नीडल्स नावाचं गाव लागतं आणि त्यापुढे मोहावी वाळवंट. रूट ६६ वरून जाणारे लोक हा पट्टा शक्यतो रात्री पार करायचे. जोड कुटुंबही रात्रीच निघतं. त्या रात्री गाडीतल्या गाद्यांवर म्हातारी आजी मरते आणि वाळवंट ओलांडून होईपर्यंत आई कुणाला कळू देत नाही. रात्री निघणं, ही त्यांची एकमेव कूलिंग सिस्टीम होती.

पॅकार्डचा एसी घ्यायला गाडीच्या किमतीवर आणखी २७४ डॉलर मोजावे लागत. तो डिकीची बरीचशी जागा खायचा. आणि गंमत म्हणजे त्याला बंद करायचं बटणच नव्हतं. थंडी वाजली तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढायचा! थोड्याच वर्षांत कंपनीने तो प्रकार गुंडाळला. पहिल्या आवृत्तीत ऑफ स्विच विसरणारे लोक माझ्या धंद्यातही भरपूर आहेत, त्यामुळे मला त्या इंजिनीअरांबद्दल आपुलकी वाटते.

या दोन टोकांच्या मधे असलेल्या माणसांसाठी एक तिसरीच वस्तू होती: खिडकीला लटकवायचा कूलर. जाडजूड बंबासारखा दिसणारा पत्र्याचा नळकांडा, आत पाणी आणि ओला लाकडी भुसा. गाडी धावू लागली की पुढच्या तोंडातून वारा आत शिरायचा, ओल्या भुशातून गार होऊन खिडकीतून आत यायचा. मधूनमधून दोरी ओढली की भुसा पुन्हा ओला. वीज नाही, गॅस नाही. मात्र गाडी थांबली की सगळं थांबलं. थर्मडॉर कंपनीचे असे कूलर १९५० च्या दशकापर्यंत अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात सर्रास दिसायचे.

नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांना यात काहीच नवल वाटणार नाही. मार्चअखेरीस माळ्यावरून कूलर उतरवणं, वाळ्याच्या नाहीतर वुडवूलच्या नव्या ताट्या लावणं, पहिल्या दिवशीचा तो ओला वास, हे सगळं तेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती हवेतून खेचली जाते. हवा कोरडी असेल तर हे झकास चालतं. मुंबईत हाच कूलर लावलात तर फक्त चिकचिक वाढते, कारण हवा आधीच पाणी पिऊन बसलेली असते.

आपल्याकडे चालत्या घराला वाळा लावण्याची कल्पना मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. अबुल फजलच्या आइन-ए-अकबरीत अकबराच्या छावणीचं वर्णन आहे. एका छावणीचा सरंजाम हलवायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाडे लागत. वाळ्याच्या झोपड्या करून त्यांवर पाणी शिंपडायचं, म्हणजे ऐन उन्हाळ्यात आत हिवाळा, याचं श्रेयही अबुल फजल बादशहालाच देतो. बादशहाच्या चरित्रकाराने दिलेलं श्रेय कितपत खरं मानायचं ते तुम्ही ठरवा. वाळ्याचे गुण त्याआधी इथे कुणालाच ठाऊक नसतील हे मला पटत नाही. पण एक गोष्ट त्या वर्णनात ठळक दिसत नाही. त्या ताट्यांवर पाणी सतत ओतत राहावं लागतं. म्हणजे पखाल घेऊन कुणीतरी भिश्ती दिवसभर बाहेर, उन्हात उभा हवा. उष्णता नाहीशी होत नसते, ती फक्त दुसरीकडे नेता येते. छावणीत ती भिश्त्याच्या अंगावर जायची.

पुढे आगगाडी आली. लाकूड-लोखंडाच्या डब्यात मे महिन्यात दोन-तीन दिवस बसून राहायचं म्हणजे काय, याची कल्पना करायला स्लीपरचं एक तिकीट पुरे. साहेबांच्या वरच्या वर्गाच्या डब्यांच्या खिडक्यांना पुन्हा वाळ्याच्या ताट्याच लागल्या. तिसऱ्या वर्गासाठी स्टेशनवरच्या पाण्याचा आधार.

मग बर्फ. १८३० च्या दशकात मुंबईत बर्फ यायचा तो थेट बोस्टनहून, जहाजातून, भुशात गुंडाळून. पुढे तो इथल्याच कारखान्यांत होऊ लागला आणि १९३४ मध्ये मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला गार डबा लागला तो याच बर्फाच्या जोरावर. डब्याच्या तळाशी बंद पेट्या, त्यांत बर्फाच्या लाद्या, आणि बॅटरीवर चालणारा पंखा त्या बर्फावरून हवा आत फेकायचा. वाटेतल्या ठरलेल्या स्टेशनांवर पेट्या पुन्हा भरायच्या. रात्री-अपरात्री प्लॅटफॉर्मवर त्या लाद्या ओढणारे हमाल कुठल्याच जाहिरातीत नसतात. ही गाडी अजून धावते, १९९६ पासून गोल्डन टेंपल मेल या नावाने, फक्त आता अमृतसरपर्यंत.

त्या लाद्यांची आठवण आपण रोज काढतो, नकळत. 'दीड टनाचा एसी घ्यायचाय' म्हणतो तेव्हा तो टन वजनाचा नसतो. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी क्षमता, म्हणजे एक टन. हिशोब केला तर सुमारे साडेतीन किलोवॅट येतात. तेवढीच उष्णता तासाला पाचेक लिटर पाण्याची वाफ करूनही काढता येते. हा आकडा मी दोनदा तपासला, कारण पाणी इतकं ताकदवान असेल असं वाटलं नव्हतं.

आता खऱ्या मोटरहोमकडे येऊ. आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबागो कंपनीने १९६६ मध्ये मोटरहोम बनवायला सुरुवात केली आणि मध्यमवर्गाला परवडणारी चालती घरं रस्त्यावर आली. छतावर बसवायचा एसीही याच सुमारास रुळला. आजही १३,५०० बीटीयू हा त्याचा नेहमीचा आकडा, म्हणजे टनाहून थोडा जास्त. पण छताचं गणित बघा. सहा मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद छतावर भर दुपारी १३-१४ किलोवॅट ऊन पडतं. त्यातला मोठा भाग आत झिरपला तर साडेतीन-चार किलोवॅटचा एसी काय करणार? म्हणून जुने मोटरहोमवाले एसीच्या आधी सावली शोधतात, मोठ्या खिडक्यांची बाजू उन्हाकडे येणार नाही अशी गाडी लावतात, छत पांढरं ठेवतात. एअरस्ट्रीमचं चकचकीत अ‍ॅल्युमिनियमसुद्धा फसवं असतं: ऊन परतवतं खरं, पण एकदा तापलं की आपली उष्णता सहजासहजी सोडत नाही. शिवाय या एसीला घरगुती दाबाची वीज लागते, म्हणजे कॅम्पग्राउंडचा प्लग नाहीतर स्वतःचा जनरेटर. जनरेटरची धग आणि धडधड शेजारच्या तंबूवाल्याला. पुन्हा तेच, उष्णता दुसरीकडे.

आपल्याकडे मोटरहोम अजून इन्स्टाग्रामवरच जास्त दिसतात. पण चाकांवर राहणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत असं कोण म्हणेल? ट्रकची केबिन बघा. ड्रायव्हर आणि क्लीनर तिथेच झोपतात, जेवतात, देवाचा फोटो लावतात, कपडे वाळत घालतात. इंजिन बहुतेक वेळा केबिनच्या खालीच, त्यामुळे उन्हाची वरून आणि इंजिनची खालून अशी दुहेरी भट्टी. केबिनमध्ये एसी सक्तीचा करायचा विषय निघाला की खर्च वाढेल ही हरकत यायची. आणि दुसरी हरकत, गार हवेत ड्रायव्हरला झोप लागेल. हे म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या मोटारीत एसी नसेल यावर माझा विश्वास नाही.

शेवटी केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी हवाच. पॅकार्डनंतर ८६ वर्षांनी. नियम नव्या गाड्यांचा आहे. आधीचे लाखो ट्रक अजून बरीच वर्षं धावतील, आणि त्यांतले ड्रायव्हर मे महिन्यात ओला गमछा मानेवर टाकून, दुपारी ढाब्याच्या झाडाखाली बाज गाठून, जमेल तेव्हा रात्रीच निघतील.