सुरतेचे नवे खासदार : १९५७

मराठी वाचकास सुरत आठवते ती दोन कारणांनी. एक, शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० सालच्या स्वाऱ्या. दुसरे, डिसेंबर १९०७ मधील काँग्रेसचे ते वादळी अधिवेशन, ज्यात टिळकपक्ष व नेमस्त यांची फारकत झाली. या दोहोंच्या जोडीस तिसरी एक आठवण ठेवावी असे आम्हांस वाटते, मग ती कित्येकांना कडू लागली तरी चालेल. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सुरतेने मोरारजी देसाई यांस लोकसभेवर पाठविले.

मोरारजींचे नाव निघताच आमच्याकडे हुतात्मा चौक डोळ्यांपुढे येतो, आणि तो यावाच. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री ते असताना झालेला गोळीबार महाराष्ट्र विसरलेला नाही. परंतु १९५६ च्या ऑगस्टात अहमदाबादेतही गोळीबार झाला, मोरारजींनी तेथे उपोषण मांडले, आणि गुजराती जनतेने त्यांच्या सभेकडे पाठ फिरवून 'जनता कर्फ्यू' पाळला, हे आपण सहसा सांगत नाही. स्वजनांनीही त्यांस सुखाने नांदू दिले नव्हते. १९५२ साली विधानसभेस उभे असता अवघ्या १९ मतांनी ते पडले होते.

नव्या सभासदाने मागच्या बाकावर बसावे, प्रश्न विचारावेत, भीतभीत पहिले भाषण करावे, ही संसदेची नेहमीची शाळा. मोरारजींना ती लाभली नाही. नोव्हेंबर १९५६ पासूनच ते केंद्रात व्यापार व उद्योग मंत्री होते; लोकसभेची खासदारकी मागाहून आली. याच १९५७ साली राजापुरातून निवडून आलेले बॅ. नाथ पै मात्र विरोधी बाकांवरून सभागृह गाजवू लागले. वेंगुर्ल्याच्या या तरुणाचे काम प्रश्न विचारण्याचे, सुरतेच्या खासदाराचे उत्तर देण्याचे. कोकणी माणसाने अभिमान कोणाचा धरावा हे सांगण्याची गरज नाही. पण उत्तर देणाऱ्याचे काम सोपे होते असेही नव्हे. परकीय चलनाची गंगाजळी आटत होती, आणि आयातीवर निर्बंध आणावे लागत होते.

मग मुंदडा प्रकरण उद्भवले. १९५७ च्या डिसेंबरात फिरोझ गांधींनी ते सभागृहात मांडले, न्या. छागला यांची चौकशी झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. त्या वर्षीचा अर्थसंकल्प पंतप्रधान नेहरूंनी स्वतः मांडला. मार्चमध्ये अर्थखाते मोरारजींकडे आले, म्हणजे दुसऱ्याने शिजविलेले त्यांस वाढावे लागले. त्या अर्थसंकल्पातला देणगी कर ही त्यांची पहिली खरी कसोटी. १९५३ पासून मृताच्या मालमत्तेवर कर होता; तो चुकविण्यासाठी धनिक हयातीतच मुलाबाळांच्या नावे संपत्ती करून देत. ती पळवाट बुजविण्यासाठी वर्षाकाठी १०,००० रुपयांवरील देणग्यांवर कर बसला. पेढ्या सांभाळणाऱ्या सुरतेच्या प्रतिनिधीनेच हा कायदा पार पाडावा, यात गंमत नाही काय? १९९८ साली तो कर रद्द झाला.

१९५८ च्या ऑगस्टात वॉशिंग्टन येथे जागतिक बँकेच्या पुढाकाराने भारतास साहाय्य देणाऱ्या राष्ट्रांची बैठक भरली, तेव्हा कुठे चलनाची कोंडी किंचित सैल झाली. स्वतःचा म्हणावा असा अर्थसंकल्प मोरारजींनी फेब्रुवारी १९५९ मध्ये मांडला. त्याच वर्षी हैदराबाद, म्हैसूर, इंदूर इत्यादी जुन्या संस्थानांच्या बँका स्टेट बँकेच्या उपबँका करण्याचा कायदा झाला. आमच्या मते हे त्यांचे त्या काळातले सर्वांत टिकाऊ काम. पण त्याची आठवण कोणी काढीत नाही.

१९६० च्या वसंतात मुंबई राज्याच्या विभाजनाचे विधेयक त्याच लोकसभेत आले. १ मे रोजी मुंबई महाराष्ट्रात राहिली, आणि सुरत गुजरातेत गेली. १९६२ साली सुरतेने पुन्हा मोरारजींनाच निवडून दिले.