महामहोपाध्याय काणे आणि स्त्रीधनाचा प्रश्न

कामगार चळवळीतल्या माणसाने धर्मशास्त्राच्या पंडितावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही कायद्याच्या महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. आमचे कायद्याचे शिक्षण अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगमधल्या हमालांची भरपाईची कागदपत्रे लिहिता लिहिता झाले, आणि पांडुरंग वामन काणे यांच्यापर्यंत आम्ही पोहोचलो तेही एका विधवा बाईच्या सातबाऱ्यामुळे.

काही वर्षांपूर्वी मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातली बाई आमच्याकडे आली. नवरा प्रेसमध्ये गाठी बांधीत असे, तो वारला. मागे दोन मुली आणि वडिलार्जित वावरातला त्याचा हिस्सा. दीर म्हणाला, "बाईले वावरात हिस्सा कुठचा? तिले पोटापुरतं देऊ." कायदा बाईच्या बाजूचा आहे हे आम्हांला ठाऊक होते. परंतु बैठकीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी, "कायदा सरकारचा, शास्त्र आपले," असे म्हटले तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. आम्ही वाचनालय गाठले ते तेव्हापासून.

काणे यांचा जन्म 1880 चा, चिपळूणजवळचा. आधी रत्नागिरीस आणि मग मुंबईस त्यांनी शाळामास्तरकी केली, 1911 मध्ये हायकोर्टात वकिली सुरू केली, 1912 मध्ये एल्एल. एम. झाले आणि 1917 पासून काही वर्षे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात कायदा शिकविला. व्यवहारमयूख हा नीलकंठ भट्टांचा सतराव्या शतकातला ग्रंथ. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी 1880 मध्ये त्याचे भाषांतर केले होते. काण्यांनी 1926 मध्ये तो टीपांसह संपादिला. त्यासाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना लिहावयास ते बसले आणि ती वाढतच गेली. पहिला खंड 1930 मध्ये आला, पाचवा 1962 मध्ये पुरा झाला. एकूण साडेसहा हजारांवर पृष्ठे. आठ तासांच्या पाळीची भाषा बोलणाऱ्या आम्हांला हा हिशेब नीट लागत नाही!

आमच्या कामाचा ठरला तो 1946 चा तिसरा खंड. त्यात दायभाग आहे आणि स्त्रीधनाचे प्रकरण आहे. कात्यायनाची स्मृती समग्र मिळत नाही. निबंधग्रंथांत विखुरलेली तिची वचने वेचून काण्यांनी ती 1933 मध्ये पुन्हा उभी केली. त्या कात्यायनाचा दंडक असा, की स्त्रीधनावर पती, पुत्र, पिता, भ्राता यांपैकी कोणाचीही सत्ता नाही. बळाने वापरले तर व्याजासह परत द्यावे. विज्ञानेश्वर तर आणखी पुढे गेला. चालुक्यांच्या काळी कल्याणीस लिहिलेल्या मिताक्षरेत त्याने वारसाने, खरेदीने, वाटणीने आलेली संपत्तीही स्त्रीधनात घातली. आणि मिताक्षरा हीच आमच्या वऱ्हाडात मानलेली.

मग "पोटापुरते" आले कोठून? जीमूतवाहनासारख्या निबंधकारांनी व्याख्या आकसली होती, ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही; शास्त्र एकमुखी कधीच नव्हते. परंतु मिताक्षरेच्या प्रदेशातही विज्ञानेश्वराचा शब्द बाजूस पडला तो मुख्यत्वे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमुळे. वारसाने आलेली संपत्ती स्त्रीधन नव्हे, असे त्या न्यायासनाने एकोणिसाव्या शतकात ठरविले. विधवेला हयातीपुरता हक्क उरला, तिच्यामागे मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे. म्हणजे दीर ज्याला आपले शास्त्र समजत होता, त्यात गोऱ्या न्यायमूर्तींची भर बरीच होती. इतिहास वाचल्यावाचून हे कळण्याचा मार्ग नाही. काण्यांची थोरवी आम्हांला येथे दिसते. शास्त्रावर त्यांचा जीव होता, पण कोणते वचन कोणत्या शतकातले आणि त्याला विरोध कोणाचा, हे ते लपवीत नाहीत.

हिंदू कोड बिल अडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. काणेही कायद्याचे प्राध्यापक आणि बाबासाहेबही. बाबासाहेब 1935 मध्ये त्याच लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले होते. एकाने जुना कायदा उलगडून दाखविला, दुसऱ्याने बदलावयास घेतला. आम्हांला दोघांचीही गरज पडली. शेवटी 1956 चा वारसा कायदा आला. तेव्हा काणे राज्यसभेचे नामनियुक्त सभासद होते. त्याच्या कलम 14 ने स्त्रीच्या ताब्यातली संपत्ती पूर्ण मालकीची केली. त्या कलमाच्या स्पष्टीकरणातली वारसा, वाटणी, खरेदी ही यादी विज्ञानेश्वराच्या यादीशेजारी ठेवून पाहावी.

आम्ही ती तशीच ठेवली, त्या खेड्यातल्या दुसऱ्या बैठकीत. वृद्ध गृहस्थांनी चष्मा लावून मिताक्षरेचे मराठी दोनदा वाचले आणि दिराला म्हणाले, "मंग आता काय बोलतं बापा?" तलाठ्याकडे फेरफार व्हावयास पुढे सात महिने लागले. सातबाऱ्यावर बाईचे नाव लागले, दोन्ही मुलींचेही. पहिल्या पेरणीला बी-बियाणे उधार मिळेना, तेव्हा ते दिरानेच आणून दिले.