सहकुटुंब प्रवाळदर्शन : मालवणची सागरसफर निवडताना

दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुटी या तिन्ही हंगामांत मालवणच्या जेटीवर पर्यटकांची झुंबड उडते. सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यासाठी येणाऱ्या कुटुंबांना आता किल्ल्याभोवतीच्या पाण्याखालचे जगही खुणावू लागले आहे. डोळ्यांवर काचेचा मास्क लावायचा, तोंडात श्वसननळी धरायची, पाण्यावर पालथे तरंगायचे आणि खालची प्रवाळे व मासे न्याहाळायचे, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. लाइफ जॅकेट आणि जाणता मार्गदर्शक सोबत असेल तर पोहता न येणाऱ्यालाही त्याचा आनंद घेता येतो.

सफरींचे पर्याय मात्र इतके असतात की बहुतेक कुटुंबे दर आणि पॅकेजमधील खेळांची संख्या पाहूनच निर्णय घेतात. मुले आणि वडीलधारी मंडळी सोबत असताना हे निकष अपुरे ठरतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि त्यात दोघांचा मृत्यू झाला. सफर ठरविताना पहिला विचार सुरक्षिततेचा का असावा, हे सांगण्यास ही एक घटना पुरेशी आहे.

काय पाहायला मिळते?

भारतातील मोठ्या प्रवाळभित्ती अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात येथे आहेत. मालवणला तशी सलग भित्ती नाही. येथे किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर प्रवाळांच्या वसाहती ठिकठिकाणी वाढलेल्या आहेत. पाणी अंदमानसारखे काचेप्रमाणे नितळ नसते. दृश्यता चांगल्या दिवशीही काही मीटरच असते. ही कल्पना मुलांना आधीच दिली, तर जाहिरातीतील छायाचित्राशी तुलना करून होणारा हिरमोड टळतो. काळे-पिवळे पट्टे असलेले सार्जंट मासे आणि फुलपाखरी मासे मुलांना सहज ओळखता येतात.

हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून पद्मगड आणि आसपासचे खडक त्याच्या गाभा क्षेत्रात येतात.

नावांचा घोळही लक्षात घ्यावा. देवबागजवळचे ‘त्सुनामी आयलंड’ हे कर्ली नदीच्या मुखाजवळील वाळूचे बेट आहे. तेथे जलक्रीडा होतात, पण प्रवाळ नाहीत. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर खोल समुद्रात असलेला आंग्रिया बँक प्रवाळांनी समृद्ध आहे. परंतु तो कौटुंबिक सफरीचा पर्याय नव्हे. सफर नेमकी कोठे जाणार आणि प्रत्यक्ष पाण्यात किती वेळ मिळणार, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. डॉल्फिनदर्शन, बनाना राइड आणि स्नॉर्केलिंग एकाच सकाळी उरकणाऱ्या सफरीत प्रवाळांच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात.

नौका कशी असावी?

नौकेची नोंदणी, प्रवासी वाहून नेण्याचा परवाना आणि मंजूर प्रवासीसंख्या यांबाबत विचारण्यात संकोच बाळगू नये. परवाने देण्याचे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे असून त्याच्या स्थानिक बंदर कार्यालयात चौकशी करता येते. मंजूर संख्येपेक्षा एकही माणूस जास्त असेल, तर त्या नौकेत पाऊल ठेवू नये. ‘पाच मिनिटांचाच प्रवास आहे’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. उथळ पाण्यात लाटा फुटत असल्याने किनाऱ्यालगतचा टप्पाही धोक्याचा असतो.

नौकेला पाण्यातून वर चढण्यासाठी शिडी आणि उन्हापासून आडोसा असावा. माणसे पाण्यात असताना इंजिन बंद असलेच पाहिजे. तांडेलाखेरीज किमान एक माणूस केवळ पाण्यातील पर्यटकांवर लक्ष ठेवण्यासाठी नौकेवर असावा. प्रथमोपचाराची पेटी आणि किनाऱ्याशी संपर्काचे साधन आहे की नाही, हेही पाहावे.

मुलांसाठी विशेष काळजी

लाइफ जॅकेट ही मुलांच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. मोठ्यांचे जॅकेट करकचून बांधले तरी पाण्यात ते मुलाच्या कानांपर्यंत वर सरकते आणि मूल खालून निसटू शकते. मुलाच्या वजनाप्रमाणे जॅकेट मागावे. खांद्यापाशी धरून उचलले असता ते हनुवटीपर्यंत सरकत नसेल, तर माप योग्य आहे. पायांमधून जाणारा पट्टा असल्यास उत्तम. जॅकेट जेटीवरच घालावे आणि परत जेटीवर आल्यावरच काढावे.

मास्कची परीक्षाही सोपी आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत घ्यावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर तो बरोबर बसला असे समजावे. मुलांना लहान मापाचा मास्क आणि आखूड नळीच द्यावी. आदल्या दिवशी कमरेहून कमी पाण्यात, पालकांच्या हाताशी, नळीतून श्वास घेण्याचा सराव केला तर समुद्रातील भीती बरीच कमी होते.

एका मार्गदर्शकाकडे एका वेळी एकच लहान मूल असावे. मूल नको म्हणाले, तर त्याला आग्रह करू नये. ‘आता पैसे भरले आहेत’ हे पाण्यात उतरविण्याचे कारण होऊ शकत नाही. ‘स्नॉर्केलिंगऐवजी स्कूबाच करा’ असा आग्रह झाल्यास वयाची अट लक्षात ठेवावी. ‘पॅडी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार समुद्रातील परिचयात्मक डायव्हिंगसाठी किमान वय १० वर्षे आहे. हृदयविकार, दमा किंवा फेफरे यांचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवती महिलांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये. बोट लागणाऱ्यांनी निघण्यापूर्वी दीड-दोन तास घावन-चटणीसारखा हलका नाश्ता करावा. मुलांना मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

दिवस आणि वेळ

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने मे महिन्याच्या अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलपर्यटन बंद ठेवले जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल असतो. सकाळी लवकर निघणे केव्हाही श्रेयस्कर. तेव्हा जमिनीवरून वाहणाऱ्या मतलई वाऱ्याचा प्रभाव असतो आणि समुद्र शांत राहतो. दुपारी खारा वारा सुटला की लाटा वाढतात आणि तळाची वाळू ढवळून पाणी गढूळ होते.

दिनदर्शिकेतील तिथीचाही उपयोग होतो. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असल्याने प्रवाह जोरदार असतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते; त्या दिवसांत प्रवाह मंद आणि पाणी तुलनेने स्वच्छ मिळण्याची शक्यता अधिक. हवामान खात्याचा इशारा असेल, तर मात्र तिथी न पाहता सफर रद्द करावी. अशा वेळी पैसे परत मिळतील की नाही, हे आरक्षण करतानाच ठरवून घ्यावे.

प्रवाळांचेही भान

प्रवाळ हे दगड नसून सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती आहेत. त्यांच्या शरीरात राहणारे शैवाल त्यांना अन्न आणि रंग पुरविते. पाणी प्रमाणाबाहेर तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. गोलाकार प्रवाळांची वाढ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर होते. एका पायाच्या धक्क्याने अनेक वर्षांची वाढ नष्ट होऊ शकते. म्हणून त्यांवर उभे राहू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश असल्याने त्यांचा तुकडा तोडणे हा गुन्हा आहे.

चांगला तांडेल येथेही ओळखू येतो. तो प्रवाळांवर नांगर टाकत नाही. बोयाला किंवा वाळूत नौका बांधतो. मासे जमविण्यासाठी पावाचे तुकडे टाकत नाही, कारण त्याने माशांच्या नैसर्गिक सवयी बिघडतात. पर्यटकांनीही सनस्क्रीनचा थर देण्याऐवजी मुलांना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

पैसे देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

• नौकेचा परवाना किती प्रवाशांचा आहे आणि आज किती जण येणार आहेत?
• मुलांच्या मापाची जॅकेट व मास्क दाखवाल काय?
• पाण्यात प्रत्येकासोबत कोण असेल?
• प्रत्यक्ष स्नॉर्केलिंगला किती वेळ मिळेल?
• हवामान बिघडल्यास पैसे परत मिळतील काय?

या पाच प्रश्नांची उत्तरे न चिडता आणि प्रत्यक्ष साहित्य दाखवून देणारा व्यावसायिक निवडावा, मग त्याचा दर थोडा अधिक असला तरी चालेल.

कसे जावे?

मुंबई-गोवा महामार्गावरील कसाल येथून मालवणला रस्ता जातो. कोकण रेल्वेवरील कुडाळ, सिंधुदुर्गनगरी आणि कणकवली ही स्थानके सोयीची आहेत. तारकर्ली मालवणपासून सुमारे सात किलोमीटरवर आहे. सफर सकाळची असल्याने आदल्या दिवशी मुक्कामास पोहोचणे इष्ट. त्यामुळे मुलांची झोपही पुरी होते आणि नौका नीट पाहून घेण्यास वेळ मिळतो.