रेडिओच्या पोटातून निघालेला गिटारचा आवाज

गिटार हे वाद्य आपल्या कुटुंबांत इतके घरचे झाले आहे की ते कधी काळी परके होते याचा विसर पडतो. लग्नाचा मांडव असो, सणाची संध्याकाळ असो, वा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेतील उपासनेस वाट मोकळी करून दिल्यानंतरचा गायनवृंद असो, गिटार तेथे आहेच. वादकाचे कौतुक होते, गायकाचे होते. त्यांच्या मागे भिंतीला टेकून ठेवलेल्या, तापणाऱ्या आणि अधूनमधून गुरगुरणाऱ्या पेटीची दखल मात्र सहसा कोणी घेत नाही. वास्तविक विजेची गिटार त्या पेटीवाचून जवळजवळ मुकी असते. लोहचुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत, वरची तार हलली म्हणजे जो प्रवाह उमटतो, त्याचा दाब फार तर एक दशांश व्होल्टच्या आसपास. एवढ्याशा कुजबुजीचा घोष करणारे यंत्र म्हणजे अँप्लिफायर. आणि आपल्याकडे एका पिढीने तो दुकानातून आणला नाही, घरी बनविला.

१९०४ साली इंग्लंडमध्ये अँब्रोज फ्लेमिंग यांनी दोन अग्रांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला. दोनच वर्षांनी अमेरिकेत ली द फॉरेस्ट यांनी त्यात तारेची एक जाळी बसविली. जाळीवरील दाबात किंचित फरक केला की काचेच्या आतला मोठा प्रवाह त्याच लयीत कमी-अधिक होतो. सगळे ध्वनिवर्धन या एका युक्तीवर उभे राहिले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि व्हॉल्व्हचा रेडिओ हळूहळू श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून मध्यम स्थितीतील घरांत उतरला. गिटारच्या पेटीचा जन्म याच रेडिओच्या पोटी झाला.

हे नुसते आपल्याकडेच घडले असे कोणी समजू नये. ज्यांच्या नावाने जगभर अँप्लिफायर ओळखले जातात ते लिओ फेंडर हे १९३८ पासून कॅलिफोर्नियातील फुलरटन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवीत होते. लंडनच्या हॅनवेल भागातील जिम मार्शल वाद्यांचे दुकानदार. त्यांच्या दुकानातील केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी १९६२ च्या सुमारास फेंडरच्याच बासमन अँप्लिफायरची मांडणी समोर ठेवून आपला पहिला अँप्लिफायर जोडला. ट्रान्सफॉर्मर आणि लाऊडस्पीकर मात्र इंग्लंडात मिळतील ते वापरले, म्हणून आवाज निराळा झाला, आणि पुढे तोच निराळा आवाज जगाला हवासा वाटला. तेव्हा नकलेला हिणविण्याचे कारण नाही. हाताशी असलेल्या मालाने केलेली नक्कल ही या विद्येची जुनी रीतच होय.

आपल्याकडे हाताशी माल कोणता होता? परदेशी अँप्लिफायर आयातीच्या निर्बंधांमुळे आणि जबर जकातीमुळे सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होते. इकडे कान मात्र तयार झाले होते. लखनौहून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आलेल्या व्हॅन शिप्ली यांनी विजेच्या गिटारवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका लोक ऐकत होते. १९७० आणि १९७१ च्या 'सिमला बीट' स्पर्धेतील तरुण वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, तोपर्यंत गिटार आणि ड्रम यांचे वेड महाविद्यालयांत पसरलेले होते. अडचण होती ती पेटीची. १९५४ साली बंगळूर येथे स्थापन झालेली भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी संस्था पुढे रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवू लागली आणि ही अडचण पुष्कळ हलकी झाली.

उरणसारख्या गावातून हे साहित्य जमविणे म्हणजे एक दिवसाचा प्रवास. मोरा बंदरातून लाँच धरायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि तेथून लॅमिंग्टन रोड गाठायचा. नवे व्हॉल्व्ह, कंडेन्सर, रेझिस्टन्स तेथे मिळत. ट्रान्सफॉर्मर आणि मोडके रेडिओ यांच्यासाठी चोरबाजार. परतताना ओहोटी लागली असेल तर लाँचचा खोळंबा ठरलेला. एक रेझिस्टन्स विसरला तर हा सगळा व्याप पुन्हा! म्हणून जुन्या रेडिओतून डाख सोडवून काढलेला प्रत्येक तुकडा डब्यात जपून ठेवण्याची सवय या छंदातील माणसांना लागे.

पहिला प्रयोग सोपा असे. रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन छिद्रे असत. त्यांत गिटारची वायर खुपसायची. आवाज येई, पण समाधान होत नसे. तार छेडल्याचा पहिला ठोका ऐकू येई आणि मागचा नाद विरून जाई. कारण ग्रामोफोनचा प्रवाह गिटारपेक्षा कितीतरी जोरकस, आणि रेडिओची मांडणी त्याच्या मापाची. तेव्हा खरी पहिली सुधारणा म्हणजे आणखी एक पायरी वाढविणे. रेडिओतील केंद्रे शोधणारे व्हॉल्व्ह आता निरुपयोगी. ते काढले की ट्रान्सफॉर्मरवरचा भार हलका होतो. त्या जागी ईसीसी ८३ बसवायचा. त्याच्या एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह असतात आणि प्रत्येकाकडून पन्नास-साठ पट वाढ सहज मिळते. शेवटचा ईएल ८४ तसाच ठेवायचा. साधारण २५० व्होल्टवर तो एकटा पाचेक वॅट देतो. दिवाणखान्याला पुरून उरेल, मांडवाला अपुरा पडेल. मोठा आवाज हवा तर ईएल ८४ ची जोडी लावावी लागे. इंग्लंडमधील व्हॉक्स कंपनीच्या १९५८ च्या पंधरा वॅटच्या प्रसिद्ध अँप्लिफायरमध्ये हीच जोडी होती.

यापुढचे काम कानाचे. रेडिओ बनविणाऱ्याला आवाज सपाट आणि स्वच्छ हवा असतो, म्हणून तो लाऊडस्पीकरकडील थोडा प्रवाह उलट मागे नेऊन सोडतो. ती वायर सोडविली की आवाज मोठा, खरखरीत आणि जिवंत होतो. पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवरील २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून ०.६८ चा लावला की खर्ज आटोक्यात राहतो. रेडिओच्या लहान कागदी शंकूला तो झेपतही नाही. घुमणे कमी करण्यासाठी पुष्कळजण वीजपुरवठ्यातील पहिला कंडेन्सर भलताच मोठा बसवीत आणि फसत. ईझेड ८० या रेक्टिफायरला तेथे ५० मायक्रोफॅरडहून अधिक सोसत नाही. वाढ करायचीच तर ती रेझिस्टन्सच्या पलीकडे, दुसऱ्या कंडेन्सरवर करावी.

खाडीकाठच्या दमट हवेने आणखी एक शत्रू निर्माण केला. जुने कागदी कंडेन्सर ओल धरतात आणि गळू लागतात. गळका कंडेन्सर ईएल ८४ च्या जाळीवर नको तो दाब पोचवितो, आतला पत्रा लालभडक होतो, आणि वेळीच लक्ष गेले नाही तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. हा सगळ्या पेटीतला महागाचा भाग. काही आण्यांच्या वस्तूपायी महिन्याची बचत धुरात जाई.

पैशाचे नुकसान भरून येते; जिवाचे येत नाही. पुष्कळ स्वस्त रेडिओंत वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर नसेच. ते एसी-डीसी दोन्हींवर चालावेत म्हणून त्यांची चॅसी थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असे. लाकडी पेटीत आणि प्लास्टिकच्या बटणांमागे ते खपून जाई. परंतु गिटारच्या तारा वायरीतून त्याच चॅसीला जोडल्या जातात. दोन काट्यांचा प्लग उलटा बसला की २३० व्होल्ट वादकाच्या बोटांवर. यात अतिशयोक्ती नाही. मे १९७२ मध्ये स्वानसी येथे लेस हार्वे हा गिटारवादक रंगमंचावरच मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला, आणि १९७६ साली यार्डबर्ड्स वृंदाचा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी गिटार वाजविताना गेला. दोन्ही ठिकाणी अर्थिंगचा दोष होता.

ट्रान्झिस्टर आला आणि घरगुती व्हॉल्व्हचा काळ ओसरला. गंमत अशी की वादक व्हॉल्व्हला सोडीनात. व्हॉल्व्हवर ताण आला की तो स्वराची टोके हळुवार गोलावतो. साधा ट्रान्झिस्टर ती कात्रीने कापावी तशी कापतो. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे तयार होतात. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीने काही काळ जगभरच्या वादकांची झोप उडविली होती. उरणला आता १२ जानेवारी २०२४ पासून रेल्वे आहे, आणि त्याच दिवशी सुरू झालेला सागरी पूल न्हावा-शेव्याला शिवडीशी जोडतो. लाँचची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.

कोणाच्या माळ्यावर अशी पेटी अजून असेल, तर ती मोडीत घालू नये आणि थेट प्लगलाही लावू नये. आधी काचेवरची अक्षरे वाचावीत. नावे 'ई'ने सुरू होत असतील तर बहुधा आत ट्रान्सफॉर्मर आहे. तरी डोळ्यांनी पाहून खात्री करावी, कागदी कंडेन्सर बदलावेत आणि तीन काट्यांचा प्लग लावून चॅसीला अर्थिंग द्यावे. 'यू'ने सुरू होत असतील, तर तिची चॅसी विजेच्या तारेलाच जोडलेली आहे असे समजावे, आणि जाणकाराने मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवीपर्यंत तिला गिटार जोडू नये. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट काही वेळ राहतात. तेव्हा आत हात घालण्यापूर्वी ते रिकामे झाल्याचे मीटरने तपासावे.