गोदींतील आग आणि आमची श्रद्धा

मनोरीच्या लोकांना संकटांत धांवून जाणें शिकवावें लागत नाहीं. खाडींत होडी कलंडली कीं धक्क्यावर जो असेल तो पाण्यांत उतरतो. मागाहून विचार करतो. आगीचा बंब गांवांत आणावयाचा तर मार्व्याच्या तरीवरून तो येत नाहीं, भाईंदरहून उत्तन-गोराईचा वळसा घ्यावा लागतो. म्हणून घागर घेऊन आलेला शेजारी हाच आमचा पहिला बंबवाला. आमच्या देवळाचा इतिहास ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत इतर लेखकांनीं सांगितला आहे. आम्ही येथें, दुसऱ्याच्या मदतीस गेलेल्या माणसांची जी एक हकीगत वाचकांपुढें ठेवणार आहों, ती मनोरीची नाहीं, मुंबईच्या गोदीची आहे. परंतु तिनें उभा केलेला प्रश्न आम्हां सर्वांचाच आहे.

सन १९४४ सालीं ईस्टरचा सण ९ एप्रिल रोजीं आला होता. त्याच सप्ताहाच्या शुक्रवारीं, ता. १४ रोजीं, दुपारीं दोनच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदींत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाच्या बोटींतून धूर येत असल्याचें लक्षांत आलें. ही बोट फेब्रुवारींत बर्कनहेडहून निघून कराचीमार्गें १२ एप्रिलला मुंबईस पोंचली होती. (बर्कनहेड हें बंदर लिव्हरपूलच्या समोर, नदीपलीकडे आहे, आणि त्या वेळचे मुंबईचे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स हे लिव्हरपूलहूनच इकडे आले होते. योगायोग असे असतात.) बोटीच्या पोटांत सुमारें १,४०० टन दारूगोळा होता. कराचीस त्याच्या जोडीला कापसाच्या ८,७०० गांसड्या, तेलाचीं पिंपें आणि लांकूड भरण्यांत आलें. शिवाय सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्या होत्या. कापूस आणि दारू एकत्र ठेवूं नये, हें सांगावयास पंडित लागत नाहीं. पण युद्धाची घाई होती, आणि घाईला कोणतेंहि कारण पुरतें. दारूगोळा असलेल्या बोटीनें लाल निशाण लावावयाचें, तेंहि या बोटीवर नव्हतें.

बंब आले. दोन नंबरच्या खणांत कापूस पेटला होता, आणि त्याच खणांत वरच्या बाजूस स्फोटक द्रव्यें होतीं. बोट तेथेंच बुडवावी, असा सल्ला दारूगोळ्याच्या अधिकाऱ्यानें दिला होता. पण कोणाच्या हुकुमानें बुडवावी याचा निर्णय झाला नाहीं. बंबवाल्यांनीं ९०० टनांहून अधिक पाणी ओतलें. बोटीचा पत्रा इतका तापला कीं पडलेलें पाणी उकळूं लागलें. बोटींत काय भरलें आहे, हें तोंपर्यंत त्यांना कळलें होतें, तरीहि हातांतल्या नळ्या त्यांनीं खालीं ठेवल्या नाहींत. तीन वाजून पन्नास मिनिटांनीं बोट सोडण्याचा हुकूम झाला. सोळा मिनिटांनीं, चार वाजून सहा मिनिटांनीं, पहिला स्फोट झाला. सात-आठ मैलांवरच्या खिडक्यांच्या कांचा फुटल्या; कुलाब्याच्या वेधशाळेंतील भूकंपमापक यंत्रांवर धक्का उमटला. सुमारें अर्ध्या तासानें दुसरा स्फोट झाला. पेटलेला कापूस आकाशांतून वखारींवर आणि झोपड्यांवर पडला. सोन्याची एक वीट मैलभर दूर असलेल्या एका पारशी गृहस्थाच्या घरांत जाऊन पडली, ती त्यांनीं सरकारास परत केली.

मृतांच्या आंकड्याविषयीं आजहि एकमत नाहीं. ८०० पासून १,३०० पर्यंत तो सांगितला जातो. पण मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जण गेले आणि ८३ जखमी झाले, हा आंकडा दलानें जपून ठेवला आहे. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्ज वांचले. युद्धकाळ असल्यामुळें वर्तमानपत्रांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ही हकीगत छापण्याची मुभा मिळाली नाहीं. आग सारें शहर पाहत होतें आणि छापील अक्षर मात्र गप्प होतें.

ज्या आठवड्यांत देवळांत पुनरुत्थानाचीं गीतें गाइलीं गेलीं, त्याच आठवड्यांत हें घडलें. अशा वेळीं विश्वासू माणसाच्या तोंडून दोन उत्तरें चटकन् निघतात. एक, हें पापाचें शासन. दुसरें, देवाची इच्छा. पहिल्या उत्तराला प्रभूनें स्वतःच बंदी घातली आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं, तीं इतर यरुशलेमकरांपेक्षां अधिक पापी होतीं असें समजूं नका, असा त्याच्या बोलण्याचा आशय संत लूकनें तेराव्या अध्यायांत दिला आहे. बुरूज कां पडला, हें मात्र प्रभूनें सांगितलें नाहीं.

दुसरें उत्तर अधिक जपून वापरावें, असें आमचें मत आहे. कापसाशेजारीं दारू कोणी रचली? निशाण कां नव्हतें? बुडविण्याचा हुकूम कां निघाला नाहीं? हीं माणसांचीं कामें आहेत, आणि तीं देवाच्या माथीं मारणें म्हणजे भक्ति नव्हे. तरीहि एक प्रश्न उरतोच. ज्यांनीं गांसड्या रचल्या ते दूर होते. ज्यांनीं पाणी मारलें ते मेले. आज्ञापालन करणारालाच दंड कां? ईयोबानें हाच प्रश्न केला, आणि त्याच्या मित्रांनीं दिलेलीं गुळगुळीत उत्तरें देवाला आवडलीं नाहींत, हें आपण विसरतों. एखाद्या बंबवाल्याच्या विधवेजवळ बसावयाचें असेल तर मित्रांचे पहिले सात दिवस स्मरावे, जेव्हां ते जमिनीवर बसून होते आणि एक शब्दहि बोलले नव्हते.

ही परीक्षा एकदांच झाली असेंहि नाहीं. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवींतील गोकुळ निवासाच्या आगींत याच दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्यांच्यामागूनहि नवीन भरती झाली, बंब निघाले.

१४ एप्रिल हा दिवस आतां देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, आणि मुंबईचें दल त्या ६६ जणांना मानवंदना देतें. ज्युबिलीच्या वर्षांत आमच्या देवळांत मृतांसाठीं ज्या मिसा होतील, त्यांतील एक त्या तारखेच्या आसपास त्यांच्यासाठीं अर्पण व्हावी, अशी आमची पॅरिश-मंडळीस नम्र सूचना आहे. त्यांतील कोण कोणत्या धर्माचा होता, हें विचारण्याचें कारण नाहीं. त्यांनींहि बोटीवर चढतांना तें विचारलें नव्हतें.