आर्ची कार : समुद्री कासवांचा माग काढणारे संशोधक

समुद्री कासवाची मादी अंडी घालण्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच किनाऱ्यावर परतते, ही गोष्ट गोव्याच्या किनारी गावांना नवीन नाही. तिला शास्त्रीय पुराव्याचे अधिष्ठान मिळवून देणाऱ्यांत अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार (१९०९-१९८७) यांचे नाव अग्रस्थानी घेतले जाते. फ्लोरिडा विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या कार यांनी आयुष्याची तीन दशकांहून अधिक वर्षे समुद्री कासवांच्या अभ्यासाला वाहिली.

तोर्तुगेरोचा किनारा

कार यांनी मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाचा तोर्तुगेरो किनारा अभ्यासासाठी निवडला. हिरव्या कासवांचे हे मोठे वीणस्थळ. मांस आणि सूप यांसाठी या कासवांची तेथे बेसुमार शिकार होत असे. १९५५ मध्ये कार यांनी अंडी घालून परतणाऱ्या माद्यांना खुणेचे बिल्ले लावण्यास प्रारंभ केला. कवचाला तारेने बांधलेले पहिले बिल्ले टिकले नाहीत. पुढे गुरांच्या कानाला लावतात तसे धातूचे बिल्ले पुढच्या परांना लावण्यात आले. बिल्ला परत पाठवणाऱ्यास बक्षीस ठेवले होते. त्यामुळे दूरदूरच्या कोळ्यांकडून ते येऊ लागले.

त्यांतून कासवांच्या जीवनक्रमाचा नकाशा उलगडला. तोर्तुगेरोच्या माद्या निकाराग्वाजवळच्या मिस्किटो बेटांभोवती समुद्रगवतावर चरत. दोन, तीन किंवा अधिक वर्षांच्या अंतराने त्या विणीसाठी परतत, त्या मात्र तोर्तुगेरोलाच. दक्षिण अटलांटिकमधील चिमुकल्या असेन्शन बेटावर बिल्ला लावलेली कासवे दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या ब्राझीलच्या किनाऱ्यावर सापडली.

पिल्लांचे सामूहिक श्रम

पिल्लांच्या वर्तनाचाही कार यांनी बारकाईने अभ्यास केला. एका घरट्यात साधारणतः शंभर अंडी असतात. सहकारी हॅरोल्ड हर्थ यांच्यासह १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी अंडी एकेकटी पुरून पाहिली. तेव्हा बहुतेक पिल्लांना वाळूबाहेर येता आले नाही. एकत्र जन्मलेली पिल्ले मात्र छताची वाळू पाडत आणि खालची वाळू तुडवत मिळून वर सरकतात. बाहेर आल्यावर ती उजळ दिसणाऱ्या समुद्राच्या क्षितिजाकडे धाव घेतात. किनाऱ्यावरील कृत्रिम दिवे त्यांची दिशाभूल करतात, ते याच कारणाने.

अपयशाने शिकवलेला धडा

केमन बेटांवरील हिरव्या कासवांची प्रचंड वसाहत अठराव्या शतकाच्या अखेरीस शिकारीमुळे संपुष्टात आली होती. अशा ओस पडलेल्या किनाऱ्यांवर कासवे पुन्हा वसवण्यासाठी कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात तोर्तुगेरोची हजारो अंडी व पिल्ले अमेरिकी नौदलाच्या विमानांतून कॅरिबियन समुद्रातील अनेक ठिकाणी नेली. मात्र या उपक्रमातून नव्या वसाहती उभ्या राहिल्या नाहीत. एकदा गेलेली वसाहत पुन्हा उभारणे अतिशय कठीण असते, म्हणून आहे तो किनारा जपणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो.

मादी आपल्या जन्मकिनाऱ्यावरच परतते, हे कार यांचे अनुमान होते. त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांच्या विद्यार्थिनी ॲन मेलन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या डीएनए अभ्यासाने त्याला भक्कम दुजोरा दिला. एकाच समुद्रातील वेगवेगळ्या किनाऱ्यांवरील माद्यांचे मातृवंश भिन्न आढळले. केनेथ लोहमन यांच्या प्रयोगांनी कासवांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा कळते, हेही दाखवले. हा नेमकेपणा प्रजातीनुसार कमी-अधिक असतो.

गोव्याशी नाते

गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. केंद्राच्या २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत या चारही किनाऱ्यांचा कासवांची वीणस्थळे म्हणून उल्लेख आहे. वनखाते तेथील घरट्यांचे रक्षण करते. हे किनारे पर्यटनाचेही आहेत. वाळूवरील खाटा, प्रखर दिवे आणि रात्रीचा गोंगाट यांमुळे मादी अंडी न घालताच समुद्रात परतू शकते.

कार यांचे ‘द विंडवर्ड रोड’ हे पुस्तक १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रभावातून १९५९ मध्ये कासवसंरक्षण संस्था उभी राहिली. तोर्तुगेरोचा किनारा पुढे राष्ट्रीय उद्यान झाला आणि तेथील बिल्ले लावण्याचे काम त्यांच्या पश्चातही सुरू राहिले. ज्या किनाऱ्यावर एकेकाळी शिकारी माद्यांची वाट पाहत, तेथे आता त्यांच्या पुनरागमनाची नोंद होते.